कानोसा : गाणं कधी सुरू होणार?

मागच्या अंकात सहज विचारलं होतं की गाणी सोडून, म्हणजे सिनेमातलं नुसतं बॅकग्राऊंड म्युझिक, तुमच्यापैकी कोण कोण मुद्दाम ऐकतं आणि सध्या कानात काय चालू आहे. मला वाटलं पाच-सहा पत्रं येतील, त्यातली दोन माझ्या भाच्याचीच असतील. पण आली भरपूर, आणि गंमत म्हणजे निम्म्या पत्रांत एकच तक्रार आहे, घरचे विचारतात गाणं कधी सुरू होणार? आमच्याकडेही तेच. सासूबाई दहा मिनिटं गुपचूप ऐकून घेतात, मग हळूच येऊन बघतात की मोबाईल अडकलाय की काय. असो. उत्तरं या वेळी जरा लांबलीयेत, सांभाळून घ्या.

*ताई, मी रोज सकाळची डोंबिवली फास्ट पकडतो, एका पायावर उभं राहायला मिळालं तरी नशीब, आणि कानात 'इंटरस्टेलर'. तो ऑर्गन चढत जातो ना तेव्हा ठाणे ते घाटकोपर मी शनीच्या आसपास कुठेतरी असतो. पण मित्र म्हणतो तो ऑर्गन बिर्गन काही नाही, सगळं कॉम्प्युटरवर केलेलं. खरं काय? आणि गोष्ट पाठ असून दर वेळी घशाशी का येतं?*
खिडकी न मिळालेला, डोंबिवली

मित्राला सांगा ऑर्गन खराच आहे. लंडनला टेम्पल चर्च म्हणून जुनं चर्च आहे, तिथला पाइप ऑर्गन, वाजवणारा तिथलाच ऑर्गनिस्ट रॉजर सेयर. पाइप ऑर्गनमध्ये हवा सोडल्याशिवाय सूरच निघत नाही, म्हणजे ते वाद्य एक प्रकारे श्वास घेतं, आणि जिथे माणसं ऑक्सिजन मोजून वापरतायत अशा गोष्टीला हे वाद्य लावणं म्हणजे डोकंच पाहिजे.

घशाशी येण्याचं कारण मला वाटतं सुरुवातीतच आहे. दिग्दर्शक नोलननं संगीतकार हान्स झिमरला स्क्रिप्ट दिलीच नव्हती. एक कागद दिला, त्यावर बाप आणि त्याचं मूल यांच्याबद्दल थोडंसं लिहिलेलं, आणि म्हणाला यावर एक दिवस काम कर आणि जे होईल ते मला ऐकव. अंतराळ, ब्लॅक होल, काही सांगितलेलं नाही. झिमरनं पियानोवर छोटीशी चाल केली आणि सगळा डोलारा पुढे त्या चालीवर उभा राहिला. आधी बापाची गोष्ट, यानं-बिनं मागाहून. तुम्हाला मुलगी आहे का हो? नसली तरी चालेल, मी आपली अंदाज बांधतेय.

*मॅडम, माझं वय ७१. आमच्या वेळी पार्श्वसंगीत म्हणत, बॅकग्राऊंड नव्हे. सध्या 'पथेर पांचाली' पुन्हा पुन्हा ऐकतो. फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी पूर्वी सांगितलं होतं की हे सगळं संगीत एका रात्रीत झालं. मला ही थाप वाटते. खुलासा करावा.*
एक जुना प्रेक्षक, पुणे

काका, थाप नाही. रविशंकर तेव्हा दौऱ्यांत बुडालेले, दिग्दर्शक सत्यजित रायना त्यांची एकच बैठक मिळाली आणि साधारण अकरा तासांत सगळं उरकलं. उरकलं म्हणवत नाही ऐकताना, पण झालं तसंच. सिनेमा पूर्णसुद्धा बघितला नव्हता त्यांनी, काही भाग दाखवला तेवढाच.

तुम्हाला एक जागा सांगते, तुमच्या वयाच्या लोकांना जास्त लागेल. हरिहर बऱ्याच दिवसांनी गावाहून परत येतो, लेक दुर्गासाठी साडी आणलेली असते, ती गेली हे त्याला माहीतच नसतं, बायकोच्या, सर्वजयाच्या हातात देतो आणि ती कोसळते. तिचं रडणं आपल्याला ऐकूच येत नाही. तोंड उघडतं आणि आवाज येतो तो तारशहनाईचा, अगदी वरच्या पट्टीत. तारशहनाई म्हणजे इसराजसारखं गजानं वाजवायचं वाद्य, त्याला ग्रामोफोनसारखा कर्णा लावलेला. राग पटदीप. आता पटदीप म्हटलं की आपल्या कानात 'मर्मबंधातली ठेव ही' सुरू होतं, दीनानाथांचं, लाडिक, नटवं. तोच राग आणि इथे लेक गेलेली बाई. मी हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा सिनेमा थांबवला आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले.

पुढे रायनी 'तीन कन्या'पासून म्हणजे १९६१ पासून संगीत स्वतःच करायला घेतलं. त्याआधी 'जलसाघर' विलायत खाँ, 'देवी' अली अकबर खाँ. मोठ्या वादकाला सेकंद मोजून थांबा म्हणणं अवघडच असणार. आणि पार्श्वसंगीत हा शब्द मलाही आवडतो, पण बोलताना तोंडात येत नाही, काय करू.

*हाय ताई, मी नाइट ड्युटी करते, नर्स आहे. तीनच्या पुढे वॉर्ड शांत झाला की एका कानात 'चेर्नोबिल' लावते, त्या अणुअपघातावरच्या मालिकेचं म्युझिक. मैत्रिणी म्हणतात तू वेडी आहेस. त्यातलं ते घूं घूं करणारं वाद्य कुठलं?*
तीननंतर जागी, नाशिक

मैत्रिणींशी मी सहमत आहे. पण वाद्य नाहीये ते! त्याची संगीतकार हिल्दुर गुड्नादोत्तिर, आइसलँडची बाई, मूळची चेलोवादक. ती लिथुआनियातल्या इग्नालिना अणुवीज केंद्रात गेली, जे बंद केलेलं आहे आणि जिथे शूटिंगही झालं, अंगावर तो संरक्षक सूट चढवून तिथल्या खोल्यांचे, दारांचे, पंपांचे आवाज रेकॉर्ड करून आणले आणि त्यातून म्युझिक केलं. म्हणजे रेडिएशन दिसत नाही, वास येत नाही, तर मग ऐकू कसं येईल असा विचार.

त्याच बाईनं 'जोकर' केला. शूटिंगच्या आधी, नुसती स्क्रिप्ट वाचून चेलोवर म्युझिक करून पाठवलं, आणि तो जो बाथरूममधला सावकाश नाच आहे तो वाकिन फीनिक्स तिचं म्युझिक सेटवर ऐकत करतोय. आपल्याला वाटतं चित्राला म्युझिक लावतात, इथे म्युझिकवर चित्र झालं. २०२० ला ऑस्कर मिळालं तिला. ही युक्ती काही नवीन नाही म्हणा, संगीतकार मोरिकोनेनं 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'चं म्युझिक आधीच करून ठेवलेलं आणि दिग्दर्शक लिओने शूटिंगच्या वेळी ते लावायचा, नट त्या लयीत चालायचे. दोघं लहानपणी रोमला एकाच शाळेत होते. तो सिनेमा १९६८चा, एकदा चालण्याकडे लक्ष देऊन बघा. पण तीननंतर नको, झोप येईल.

*'सायको'चं म्युझिक रात्री मोठ्यानं लावलं म्हणून शेजारी भांडायला आले. चूक कोणाची?*
नागपूर

तुमची. १९६० साली बर्नर्ड हरमननं फक्त तंतुवाद्यं घेतली, ना ढोल ना ब्रास, तरी अख्खी बिल्डिंग उठते हे कौतुकच आहे, पण शेजाऱ्यांना पेढे द्या. दिग्दर्शक हिचकॉकला तर त्या शॉवरच्या सीनला म्युझिकच नको होतं. हरमननं तरीही करून ऐकवलं तेव्हा त्याचं मत फिरलं.

*प्रिय ताई, आमचे आजोबा मुंबईला सिनेमात व्हायोलिन वाजवायचे असं घरात सगळे सांगतात. पण कुठल्या सिनेमात ते कोणालाच माहीत नाही, कुठेच नाव नाही. मी जुने सिनेमे लावून नुसतं मागचं म्युझिक ऐकत बसते, वाटतं या गर्दीत एक व्हायोलिन आपलं असेल. असं शोधून सापडतं का?*
मडगावहून, एक नात

तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

नाव सापडणं कठीण आहे गं, खरं सांगते. टायटलमध्ये संगीतकाराचं नाव, जमलं तर असिस्टंटचं. ज्यांनी बसून वाजवलं त्या पन्नास-साठ माणसांची नावं द्यायची पद्धतच नव्हती. पण गोव्याची माणसं तिथे का होती हे सांगता येतं आणि ते तुला उपयोगी पडेल. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांमधून पोरांना नोटेशन वाचायला शिकवायचे, व्हायोलिन हातात द्यायचे, मेस्त म्हणायचे शिकवणाऱ्याला, हे तुला माहीतच असेल. मुंबईत सिनेमे बनायला लागले तेव्हा संगीतकारांकडे चाली होत्या, गाणारे होते, पण साठ लोकांनी एका वेळी काय वाजवायचं हे कागदावर लिहिणारे आणि तो कागद बघून लगेच वाजवणारे हवे होते. ते गोव्याहून आले. दिवसा स्टुडिओ, रात्री हॉटेलात जॅझ, असं कित्येकांचं आयुष्य गेलं.

सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनचे अरेंजर, म्हणजे कोणी काय वाजवायचं ते लिहून देणारे, सलील चौधरी आणि ओपी नय्यर यांच्याकडेही त्यांनी काम केलं. आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, तुझ्या मडगावापासून हाकेच्या अंतरावर. त्यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं, आणि १९७७ मध्ये लक्ष्मीकांत-प्यारेलालनी 'अमर अकबर अँथनी' केला तेव्हा गुरूचं नाव गाण्यात गेलं. अख्खा देश 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' म्हणत नाचला आणि खरा अँथनी गोन्साल्विस कोण हे कोणी विचारलंही नाही. नाव मिळालं तेही असं, अंड्यातून बाहेर येणाऱ्या बच्चनच्या तोंडी.

बॅकग्राऊंडचं काम गाण्यापेक्षा वेगळं असायचं. समोर पडद्यावर सीन चालू, म्युझिशियन नोटेशन घेऊन बसलेले, कंडक्टर पडद्याकडे बघत हात वर करतो आणि दार उघडायच्या क्षणी बरोबर सगळ्यांचं पडलं पाहिजे, एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. ताडदेवचं फिल्म सेंटर, बांद्र्याचं मेहबूब, महालक्ष्मीचं फेमस, असे हॉल. तुझ्या आजोबांच्या जुन्या वस्तूंत वह्या, नोटेशनचे कागद, म्युझिशियन असोसिएशनचं कार्ड असलं काही असेल तर ते टाकू देऊ नका घरच्यांना, त्यावर सिनेमाचं नाव किंवा संगीतकाराचं नाव लिहिलेलं असू शकतं. आणि नाही सापडलं तरी तू जे करतेस तेच कर. मला तर वाटतं व्हायोलिनच्या रांगेतलं एक व्हायोलिन आपलं आहे असं समजून ऐकणारी बहुतेक तूच एकटी असशील.

*मी चेन्नईत नोकरीला आहे. इथली ऑफिसची मंडळी बीजीएम बीजीएम (म्हणजे बॅकग्राऊंड म्युझिक) करत असतात, रिंगटोन पण बीजीएमची, कुठल्या हिरोच्या एंट्रीला काय वाजलं यावर जेवणाच्या सुट्टीत भांडतात. मी म्हटलं आमच्याकडे बुवा गाणी ऐकतात तर माझ्याकडे असे बघायला लागले. आपल्याकडे हे का नाही?*
सांबारात पडलेला सोलापूरकर, चेन्नई

कारण विकलंच नाही कोणी. आपल्याकडे रेकॉर्ड म्हणजे गाणी, कॅसेट म्हणजे गाणी, मागचं म्युझिक सिनेमात राहिलं आणि सिनेमा थिएटरातून उतरला की तेही उतरलं. बीआर चोप्रांनी 'कानून' आणि 'इत्तेफाक' असे दोन सिनेमे काढले, १९६० आणि १९६९, एकही गाणं नाही, आणि मागे म्युझिक कोणाचं, तर सलील चौधरींचं. एवढा चालींचा माणूस गाण्याशिवाय काय करतो हे ऐकायला तरी बघा. 'शोले'चं उदाहरण तर भारीच आहे. डायलॉगची रेकॉर्ड निघाली, गणपतीत मांडवात लागायची, आमच्या आळीतल्या पोरांना गब्बर पाठ. पण त्या डायलॉगच्या मागे आरडीचं म्युझिक पण होतं की! म्हणजे आम्ही बॅकग्राऊंड ऐकलं ते असं, चोरून, 'कितने आदमी थे'च्या खाली. जयचा तो माउथ ऑर्गन भानू गुप्तांनी वाजवलेला, तो मात्र सगळ्यांना आठवतो.

तमिळ लोकांचं वेगळं झालं त्याला कारण इलयराजा, असं माझं मत, तुमच्या ऑफिसात विचारून बघा. १९७६ ला पहिला सिनेमा, तेव्हापासून गाणं त्याचंच आणि मागचंही त्याचंच, स्वतःच्या हातानं स्टाफ नोटेशन लिहून काढतो. हिंदीत कितीदा असं की गाणी एकाची आणि मागचं काम दुसऱ्याला दिलेलं, मग लोकांना ओळख कशी राहणार. २००९ च्या सिनेमांना राष्ट्रीय पुरस्कार देताना गाण्यांचं बक्षीस वेगळं आणि बॅकग्राऊंडचं वेगळं दिलं, तेव्हा बॅकग्राऊंडचं इलयराजालाच, 'पळसी राजा'साठी. आणि मार्च २०२५ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, लंडनला जाऊन स्वतःची सिंफनी रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतली. तुम्ही चेन्नईत आहात तर 'हाउ टू नेम इट' ऐका, सिनेमाचं नाही, १९८६ चा त्याचा अल्बम आहे, बाखचं पाश्चात्त्य संगीत आणि आपलं कर्नाटक संगीत एका ताटात. ऑफिसात पत वाढेल.

*तुंबाडचं म्युझिक अजय-अतुलचं ना? आमच्याकडे जुलैत लाइट गेली की मी तेच लावतो, आई घरातून बाहेर काढते.*
राजापूर

गाणं त्यांचं, मागचं म्युझिक नाही. ते येस्पर किडचं, डेन्मार्कचा माणूस, व्हिडिओ गेमवाल्यांना विचारा, 'हिटमॅन' आणि 'असॅसिन्स क्रीड'चं म्युझिक त्याचं. मला पण आधी पटेना, की कोकणातला पाऊस, वाडा, आजी, आणि हे करणार डेन्मार्कचा? पण बरं झालं असंच म्हणेन. आपल्याकडचा कोणी असता तर हमखास तंबोरा आणि संस्कृत मंत्र टाकले असते. 'द लंचबॉक्स'चंही तसंच, मुंबईचे डबेवाले आणि मागे माक्स रिश्टर. तो तर इतका गप्प राहतो की डब्यांचा आवाजच म्युझिक वाटतो.

*आमच्या करमाळ्यात 'सैराट'चं शूटिंग झालं, मी गर्दीत उभा होतो, दिसत नाही पण होतो. त्यातलं ते मोठं इंग्लिश पिक्चरसारखं म्युझिक खरं वाजवलंय का?*
परश्याच्या मागचा सातवा, करमाळा

खरं. अजय-अतुल ते रेकॉर्ड करायला लॉस एंजेलिसला गेले, सोनीच्या स्कोरिंग स्टेजवर, जिथे हॉलिवूडच्या सिनेमांची रेकॉर्डिंग होतात. करमाळ्याची विहीर आणि अमेरिकेतले व्हायोलिनवाले, २०१६ मध्ये हे जमलं. पण मला त्याहून मोठी गोष्ट शेवट वाटते. एवढा लवाजमा हाताशी असताना शेवटच्या सीनला काहीच नाही. ते पोर चालत येतं, पायाचे ठसे उमटतात, आणि थिएटरमध्ये आवाज नाही. आम्ही बघितला तेव्हा मागच्या रांगेत कोणाच्या तरी पिशवीची चुरचुर झाली तर अख्ख्या रांगेनं मागे वळून बघितलं. तुम्हाला आवडत असेल तर 'फँड्री' पण ऐका, तिथे मागचं म्युझिक अलोकनंदा दासगुप्ताचं आहे.

*अभ्यास करताना लावायला एखादा स्कोर, म्हणजे नुसतं मागचं म्युझिक, सांगा, शब्द आले की माझं लक्ष जातं.*
बारावी, छत्रपती संभाजीनगर

जपानचा संगीतकार जो हिसाइशी. 'माय नेबर तोतोरो' आणि 'स्पिरिटेड अवे'. झिमर लावू नकोस, गणित सोडवताना जग वाचवल्यासारखं वाटतं आणि उत्तर चुकतं.

*तुम्ही सगळ्यांना सांगता, तुम्ही स्वतः काय ऐकताय ते सांगा की.*
अमरावती

वनराज भाटिया. श्याम बेनेगलांचे 'अंकुर', 'मंथन', 'भूमिका' सगळे त्यांचे. लंडनच्या रॉयल अकादमीत शिकले, मग पॅरिसला नादिया बुलांजेकडे, आणि परत येऊन जाहिरातींच्या जिंगल्सपासून सगळं केलं. 'तमस'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२१ च्या मे महिन्यात गेले, तेव्हा कोविडच्या बातम्यांत ती बातमी कुठे गेली कळलंही नाही.

मी ऐकतेय 'भारत एक खोज'. नासदीय सूक्तावरचं ते टायटल, त्याला शब्द आहेत, मान्य, पण ते गाणं आहे असं कोण म्हणेल? १९८८ ला दूरदर्शनवर लागायचं तेव्हा मी आमचा टू-इन-वन टीव्हीला चिकटवून ते रेकॉर्ड केलं होतं, सगळ्यांना गप्प बसवून, बाबांनी खोकला दाबून धरलेला, आणि कोरस चढायला आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी व्हायला एकच गाठ. पुढे कितीतरी वर्षं मी तीच कॅसेट ऐकली. आता मोबाईलवर स्वच्छ ऐकायला मिळतं, आणि दर वेळी त्या जागी मी शिट्टीची वाट बघते.

*सून दिवसभर असलं गाण्याशिवायचं लावून बसते. भांडण नाही, पण बोलायला विषय पाहिजे ना काहीतरी. मला झेपेल असं एकच सांगा.*
एक सासू, ठाणे

आई, 'बॉम्बे थीम'. १९९५चा 'बॉम्बे' तुम्ही थिएटरात बघितला असणार, त्यातलंच रहमानचं, बासरी नवीन कुमारची. पुढे ते 'लॉर्ड ऑफ वॉर' या हॉलिवूडच्या सिनेमातही वापरलं, हे सुनेला सांगा, तिला बहुतेक माहीत नसेल. पाच-एक मिनिटांचं आहे, चहा टाका आणि ऐका. गाणं सुरू होत नाही, आधीच सांगून ठेवते.